गाडीचा कंपनीचा स्टिरिओ बदलताना: पुण्यातल्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

नाना पेठेत अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात ‘आवाज सुधारायचाय’ म्हणून शिरलात की बहुतेक वेळा आधी मोठी स्क्रीन दाखवली जाते. स्क्रीनचे पैसे गेले की उरलेल्यात स्पीकर, आणि दरवाज्याच्या डॅम्पिंगचा, म्हणजे पत्र्याला आतून शीट चिकटवून त्याची थरथर मारण्याचा, विषयच निघत नाही. आमचं म्हणणं बरोबर उलट आहे. आधी दरवाजा, मग स्पीकर, मग अ‍ॅम्प्लिफायर. स्क्रीन सगळ्यात शेवटी, तीही हवीच असेल तर. उत्तरं जरा लांब आहेत. चार ओळींत संपणारा विषय असता तर फोनवरच सांगितलं असतं.

गाडीला एवढे लाख मोजले, तरी कंपनी स्पीकर असे का देते?

कारण गाडी घेताना आपण मायलेज विचारतो, सनरूफ विचारतो, एअरबॅग मोजतो. आवाज ऐकायला कोणी पाच मिनिटं बसत नाही. कंपनीलाही ते ठाऊक असतं. साध्या व्हेरिअंटमध्ये येणारा स्पीकर हलका असतो: छोटं मॅग्नेट, प्लॅस्टिकची चौकट, कागदाचा पातळ कोन (हलून आवाज काढणारा भाग). कागद वाईट असं नव्हे, महागड्या स्पीकरमध्येही कागदी कोन असतात. इथे सगळंच काटकसरीचं असतं.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. बऱ्याच कंपनी स्टिरिओंमध्ये आवाज वाढवला की बेस आपोआप कमी होतो, स्वस्त स्पीकर फाटू नये म्हणून. ‘निम्म्या आवाजापर्यंत छान वाटतं, पुढे सगळं पातळ होतं’ ही तक्रार बहुतेक वेळा तिथूनच येते.

स्टिरिओवर ‘५० वॉट गुणिले ४’ लिहिलंय. मग अ‍ॅम्प्लिफायर कशाला?

तो आकडा क्षणभराच्या कमाल ताकदीचा आहे. तुमच्या कामाचा आकडा आरएमएस वॉटचा, म्हणजे सतत मिळणाऱ्या ताकदीचा. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४ व्होल्ट असतात. स्टिरिओच्या आतल्या छोट्या चिपला तेवढ्याच व्होल्टमध्ये काम भागवावं लागतं. त्यामुळे ४ ओहमच्या स्पीकरला प्रत्येक चॅनेलमागे, म्हणजे प्रत्येक स्पीकरमागे, स्वच्छ असे १५ ते २० वॉटच मिळतात, डब्यावर काहीही छापलेलं असो. वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आधी हे व्होल्टेज वाढवणारा भाग असतो, म्हणून तो खरे ५०-६० वॉट देऊ शकतो.

पण वॉटचं वेडही नको. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा नसेल, तर स्पीकरच्या डब्यावर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक ताकदीत तो किती मोठा वाजतो, तो आकडा बघा. ८९ डेसिबलऐवजी ९२ डेसिबलचा स्पीकर घेतलात तर तेवढ्याच आवाजाला निम्मी ताकद पुरते. दुकानदार हा आकडा स्वतःहून सांगणार नाही. विचारा.

कोअ‍ॅक्सिअल घेऊ की कंपोनंट?

कोअ‍ॅक्सिअलमध्ये ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, मोठ्या स्पीकरच्या मध्यावरच बसवलेला असतो. कंपोनंटमध्ये तो वेगळा येतो आणि डॅशबोर्डजवळ लावता येतो, त्यामुळे गाणारा माणूस गुडघ्यापाशी नाही, समोर काचेपाशी उभा आहे असं वाटतं. पुढे कंपोनंट लावा. मागच्या दरवाज्यांना कंपनीचेच स्पीकर राहू द्या, हे आम्ही सरसकट सांगतो. मागचे स्पीकर मागे बसणाऱ्यांसाठी असतात, आणि रोज हिंजवडीला जाणाऱ्या गाडीत मागे फक्त लॅपटॉपची बॅग बसते.

घेण्याआधी दरवाज्यातली जागा मोजा. पुढे बहुतेक गाड्यांत ६.५ इंची स्पीकर बसतो, पण खरी अडचण खोलीची असते. मॅग्नेट मोठं असेल तर काच खाली येताना त्यावर आदळते. काच पूर्ण खाली घेऊन मोजायचं.

ट्वीटर पुढच्या खांबावर लावायचा आग्रह असेल तर आधी त्या खांबावर एअरबॅगची खूण आहे का ते बघा. पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग तिथूनच जाते. तिच्या वाटेत काहीही स्क्रू करायचं नाही. आवाजासाठी इतकी जोखीम कोणी घेऊ नये, आणि कोणी फिटर ‘काही होत नाही साहेब’ म्हणाला तर दुसरा फिटर शोधा.

डॅम्पिंग म्हणजे दुकानदाराने पैसे काढायची युक्ती ना?

उलट, सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. दरवाजा म्हणजे पातळ पत्र्याचा रिकामा डबा. त्यात स्पीकर बसवला की स्पीकरबरोबर पत्राही वाजतो. शिवाय कोनाच्या मागून निघणारा आवाज दरवाज्यातल्या मोठ्या भोकांमधून पुढे येतो आणि पुढच्या बेसला खाऊन टाकतो. म्हणून चांगला स्पीकर लावूनही ‘बेस नाही’ असं वाटतं.

इलाज असा: बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला ब्युटिल रबराची अॅल्युमिनियम लावलेली शीट चिकटवायची, साधारण २ मिलिमीटर जाडीची, आणि रोलरने दाबून बसवायची. सगळा पत्रा झाकायची गरज नाही. मधला मोठा सपाट भाग धरून पाव ते निम्मा पत्रा झाकला तरी काम होतं. मग आतल्या पत्र्याची मोठी भोकं बंद करायची. बोटांनी पत्र्यावर टकटक करून बघा. आधी ‘टण्ण’ वाजतो, शीटनंतर ‘ठप्प’. दरवाजा लावतानाही फरक कळतो.

तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. पहिली, ब्युटिलच्या नावाखाली डांबरी शीट लावली जाते. ती स्वस्त पडते, पण एप्रिलच्या उन्हात गाडी उभी राहिली की वास सुटतो आणि शीट खाली सरकते. नखाने ओरखडा काढून वास घ्या. डांबराचा वास लपत नाही. दुसरी, दरवाज्याच्या तळाशी पाणी जायची भोकं असतात. काचेवरून आत गेलेलं पावसाचं पाणी तिथून बाहेर पडतं. ती बुजली तर पुण्याच्या पावसाळ्यात दरवाजा आतून गंजतो. तिसरी, पॅनेलमागचा प्लॅस्टिकचा पडदा. तो फाडून तसाच टाकला की जुलैमध्ये पायाखालचं मॅटिंग ओलं लागतं आणि मालक सनरूफला दोष देत बसतो. स्पीकरखालची रिंगही एमडीएफची (लाकडाच्या दाबलेल्या भुशाची) नको, ती पाणी पिऊन फुगते. प्लॅस्टिकची किंवा चांगल्या मरीन प्लायची घ्या.

एक जादा फायदा. एक्स्प्रेसवेच्या काँक्रीटवर टायरचा जो सतत घूं आवाज येतो, तो थोडा दबतो. पूर्ण जात नाही, कारण तो मुख्यतः फ्लोअर आणि चाकांच्या कमानींमधून येतो.

अँड्रॉइड स्टिरिओ घ्यावा का?

नकाशा, मागचा कॅमेरा, मोठी स्क्रीन यासाठी घ्यायचा असेल तर खुशाल घ्या. आवाज सुधारण्यासाठी घेत असाल तर थांबा. स्वस्त अँड्रॉइड स्टिरिओत आवाजाची चिप अगदी साधी असते, आणि त्याच्या सेटिंगमध्ये दिसणारी रॅम खरी असेलच असंही नाही. आकडे वाढवून दाखवणारं सॉफ्टवेअर बाजारात सर्रास मिळतं. त्याऐवजी पायोनियर, सोनी, केनवूड यांसारख्या ब्रँडचा लहान स्क्रीनचा स्टिरिओ घेतलात तर चालू झटकन होतो, टाइम अलाइनमेंट (दोन्ही बाजूंचा आवाज कानाशी एकाच वेळी पोचवणं) आणि क्रॉसओव्हरच्या (कोणत्या स्पीकरला कोणते सूर द्यायचे ते ठरवायच्या) सेटिंग मॉडेलप्रमाणे मिळतात, आणि आवाज नीट येतो. फोनचं अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले त्यावर चालतं, मग स्टिरिओच्या आत वेगळं अँड्रॉइड कशाला?

जागेचं माप ठरलेलं असतं: सिंगल डिन १८० गुणिले ५० मिलिमीटर, डबल डिन १८० गुणिले १००. नव्या गाड्यांत मात्र डॅशबोर्डच्या आकाराची वेगळी फ्रेम लागते. स्टिअरिंगवरची बटणं आणि मागचा कॅमेरा चालू ठेवायला त्या मॉडेलचा अडॅप्टर लागतो. आधी विचारा, नाहीतर स्टिरिओ बसल्यावर ‘बटणं चालणार नाहीत हां दादा’ हे वाक्य ऐकावं लागतं.

जाता जाता: वायरलेस अँड्रॉइड ऑटोमध्ये गाणं ब्लूटूथवरून येत नाही, वायफायवरून येतं. म्हणून त्याच फोनवरचं तेच गाणं ब्लूटूथपेक्षा स्वच्छ वाजतं. यूएसबी केबलही तितकीच चांगली.

डॅशबोर्ड उघडायचा नाही. कंपनीचाच स्टिरिओ ठेवून काम होईल का?

होतं, आणि हल्ली आम्ही जास्त कामं अशीच करतो. आजच्या गाड्यांत स्टिरिओला एसी, कॅमेरा, गाडीची सेटिंग सगळं बांधलेलं असतं. तो काढण्यात अर्थ नाही. स्पीकरच्या वायरवरूनच सिग्नल घेणारा, म्हणजे हाय लेव्हल इनपुटचा अ‍ॅम्प्लिफायर घ्या. त्यात डीएसपी, म्हणजे आवाज हवा तसा घडवणारी चिप, असेल तर उत्तम. वर सांगितलेली कंपनीची बेस कापणारी सेटिंग त्याने बरीचशी सरळ करता येते, आणि चालकाजवळच्या स्पीकरचा आवाज काही मिलिसेकंद मागे ठेवून दोन्ही बाजू कानाशी एकाच वेळी पोचवता येतात. बोस किंवा सोनीची सिस्टिम कंपनीतूनच आलेली असेल तर तिला अ‍ॅम्प्लिफायर आधीच असतो. तिथे उगाच वायरी कापू नका. आधी नुसतं डॅम्पिंग करून बघा, अनेकांचं तेवढ्यावर भागतं.

अ‍ॅम्प्लिफायरची वायर कोणती? फ्यूज लागतोच का?

लागतोच. यावर घासाघीस नाही.

पॉझिटिव्ह वायर थेट बॅटरीपासून येते, आणि बॅटरीपासून साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवा. फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरसाठी नसतो, वायरसाठी असतो. वायर कुठे पत्र्यावर घासून उघडी पडली की बॅटरीचा पूर्ण करंट तिच्यातून जातो, आणि फ्यूज नसेल तर आग लागते. म्हणून इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून वायर नेताना रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) हवंच.

जाडी हिशोबाने ठरते. ४ गुणिले ६० वॉट आरएमएसचा क्लास डी (वीज कमी वाया घालवणाऱ्या प्रकारचा) अ‍ॅम्प्लिफायर घ्या. पूर्ण ताकदीला २४० वॉट, त्यातला काही भाग उष्णतेत जातो म्हणून ओढ धरा ३०० वॉट. १३.८ व्होल्टने भागले की साधारण २२ अँपिअर. अशा कामाला ८ गेजची शुद्ध तांब्याची वायर पुरते. बाजारात स्वस्त किट मिळतं त्यातली वायर बहुधा अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते. ती त्याच जाडीत कमी करंट वाहते आणि दमट हवेत टोकं खराब होतात. टोक सोलून चाकूने खरवडा. आत पांढरं चमकलं तर परत करा. तापकीर गल्लीत ही परीक्षा काउंटरवरच करून बघितली तर कोणी वाईट वाटून घेत नाही.

अर्थिंगची वायरही तेवढीच जाड, आणि शक्य तेवढी आखूड. ज्या जागी ती बॉडीला जोडायची तिथला रंग घासून पत्रा उघडा करायचा, बोल्ट घट्ट करायचा, वरून गंजरोधक लावायचं. रंगावरच बोल्ट आवळला की पुढचा प्रश्न विचारायची वेळ येते.

इंजिन चालू केलं की स्पीकरमधून शिट्टी येते, रेस दिली की वाढते. काय बिघडलं?

अर्थिंग. दहातल्या बहुतेक गाड्यांत अर्थिंगच. ते घट्ट आणि स्वच्छ असेल तर स्टिरिओकडून सिग्नल नेणारी आरसीए वायर पॉवरच्या वायरशेजारून गेली आहे का ते बघा. एक डावीकडून, एक उजवीकडून न्यायची.

अ‍ॅम्प्लिफायरवरचं गेनचं बटण म्हणजे आवाजाचंच ना? पूर्ण फिरवू का?

नाही. स्टिरिओकडून येणाऱ्या सिग्नलशी अ‍ॅम्प्लिफायर जुळवायचं ते बटण आहे. पूर्ण फिरवलं की आवाज फुटतो, आणि फुटलेला आवाज सतत चालू राहिला की ट्वीटर जळतो. ‘स्पीकर दोन महिन्यांत गेला’ म्हणून येणाऱ्यांच्या गाडीत गेन जवळजवळ टोकाला असतो.

आम्ही असं करतो. अ‍ॅम्प्लिफायर ६० वॉटचा, स्पीकर ४ ओहमचा. ६० गुणिले ४ म्हणजे २४०, त्याचं वर्गमूळ साधारण १५.५. स्पीकरच्या वायरी अ‍ॅम्प्लिफायरवरून काढतो, स्टिरिओचे सगळे बेस-ट्रेबल शून्यावर ठेवतो, आवाज पाऊणपर्यंत नेतो आणि हजार हर्ट्झचा टोन वाजवतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या टोकांना एसी व्होल्टवर ठेवलेला मल्टीमीटर लावून गेन हळूहळू फिरवायचा. काटा १५.५ च्या जवळ आला की थांबायचं. दहा मिनिटांचं काम. साधा मल्टीमीटर चालतो, आणि तुम्ही स्वतःही करू शकता.

मग पुढच्या स्पीकरना ८० हर्ट्झच्या खालचं काही द्यायचं नाही, ते सबवूफरला, म्हणजे फक्त बेस वाजवणाऱ्या स्पीकरला, द्यायचं. सबवूफर नसेल तर ६० पर्यंत उतरा.

डिकीत सीएनजीची टाकी आहे. सबवूफर विसरूच का?

नाही. सीटखाली बसणारा चपटा सबवूफर मिळतो, अ‍ॅम्प्लिफायर आतच असलेला. ढोल-ताशाचं पथक गाडीत हवं असेल तर तो पुरणार नाही, पण तबल्याचा डग्गा, बास गिटार, मृदंगाची थाप तो नीट भरून काढतो. घ्यायच्या आधी सीटखालची उंची मोजा, सीट पूर्ण खाली केलेल्या अवस्थेत, आणि मागच्या प्रवाशांच्या पायांकडे एसीचा पाइप जातो का ते बघा.

टाकीच्या ब्रॅकेटला काहीही स्क्रू करायचं नाही, गॅसच्या पाइपाला वायर बांधायची नाही. डिकीत टाकीशेजारी उरलेल्या जागेत अ‍ॅम्प्लिफायर कोंबायचा हट्ट करू नका, तो तापतो.

नवा स्टिरिओ लावल्यापासून एफएम खरखरतं. स्टिरिओ खराब निघाला का?

बहुधा नाही. कोथरूडचे एक काका याच तक्रारीसाठी आले होते. १०१ वर विविध भारती लागायला हवी, तर चांदणी चौक ओलांडला की नुसती खरखर. एका दुकानाने स्टिरिओ बदलून दिला होता, तरी तेच. गाडीच्या छतावरच्या आखूड अँटेनाला स्वतःचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि त्याला १२ व्होल्ट लागतात. नव्या स्टिरिओच्या मागची निळी वायर त्यासाठीच असते. काकांच्या गाडीत ती टेप गुंडाळून तशीच सोडलेली होती. जोडली, झालं.

फोक्सवॅगनच्या अनेक गाड्यांत, चाकणला बनलेल्या पोलोतही, ही वीज अँटेनाच्या केबलमधूनच जाते. तिथे वेगळा अडॅप्टर लागतो. कात्रजचा बोगदा ओलांडल्यावर आवाज हळूहळू जातो तो मात्र डोंगरांमुळे, त्याला इलाज नाही.

चार दिवस गाडी सोसायटीत उभी राहिली की बॅटरी उतरते.

गाडी बंद असतानाही काहीतरी करंट ओढतंय. अँड्रॉइड स्टिरिओ पूर्ण बंद न होता झोपून राहतात, किंवा अ‍ॅम्प्लिफायरची रिमोट वायर (स्टिरिओबरोबर त्याला चालू-बंद करणारी) कायम चालू असलेल्या पॉवरला जोडलेली असते. गाडी लॉक करून अर्धा तास गेल्यावर ५० मिलिअँपिअरच्या आत ओढ असावी. ती २०० झाली, तर दिवसाला ४.८ अँपिअर-तास जातात. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत निम्म्याखाली येते, आणि जुनी असेल तर पाचव्या दिवशी सेल्फ मारत नाही. मोजून मिळणारी गोष्ट आहे. अंदाजाने बॅटरी बदलू नका.

वॉरंटी जाईल का? विम्याचं काय?

मूळ वायर कापली आणि पुढे त्याच भागात बिघाड आला, तर सर्व्हिस सेंटर बोट तिकडेच दाखवणार. त्यामुळे कपलर टू कपलर, म्हणजे वायर न कापता प्लगला प्लग, जोडणी मागा. मूळ स्पीकर, स्क्रू, क्लिपा एका पिशवीत भरून घरी न्या. गाडी विकताना परत लावता येतात. पिवळ्या वेष्टनातल्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना हात नाही. विम्यात बाहेरून बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी आयएमटी २४ हे वेगळं कलम आहे. पक्कं बिल दाखवून ते जोडून घेतलं नसेल, तर चोरीनंतर त्या वस्तूंचे पैसे मागता येत नाहीत.

इलेक्ट्रिक गाडीत बसवता येतं?

हो. तिथेही आवाजाची सिस्टिम १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवरच चालते. नारिंगी केबल दिसली की हात मागे घ्या, ती उच्च दाबाची असते.

मोठ्या आवाजासाठी पोलीस पकडतात का?

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे दहा ते सहा. काचा बंद असतील तर चांगल्या सिस्टिमचा आवाज शेजाऱ्याला कळायचं कारण नाही. चारही काचा खाली घेऊन एफसी रोडवर फेऱ्या मारायच्या असतील, तर आमच्याकडे त्यासाठी सामान नाही.

माझ्याकडे २५ हजार आहेत. काय करू?

पुढच्या दोन दरवाज्यांचं डॅम्पिंग, पुढे कंपोनंट स्पीकर, आणि उरलेल्यात चार चॅनेलचा साधा पण नावाजलेल्या कंपनीचा अ‍ॅम्प्लिफायर. त्याचे दोन चॅनेल पुढच्या स्पीकरना द्या, उरलेले दोन नंतर कधी सबवूफर घेतलात तर त्याला उपयोगी पडतील. १० हजारच असतील तर अ‍ॅम्प्लिफायर सोडा, डॅम्पिंग सोडू नका.

काम झाल्यावर दुकानातून गाडी ताब्यात घेताना काय तपासायचं?

चारही काचा वर-खाली करा, आतून खट् असा आवाज यायला नको. सेंट्रल लॉक, आरशांची बटणं, मागचा कॅमेरा बघा. डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा पेटलेला राहिला असेल तर गाडी घेऊ नका. मग एखादं ओळखीचं, बेस असलेलं गाणं लावा आणि बॅलन्स पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे आणि मग मध्यावर आणा. मध्यावर आणल्यावर बेस वाढायच्या ऐवजी कमी झाला, तर एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे लागले आहेत. फिटरला सांगा, तिथल्या तिथे एका बाजूच्या वायरी बदलून देईल. बॉनेट उघडून बॅटरीजवळ फ्यूज डोळ्यांनी बघा. आणि बिलावर प्रत्येक वस्तूचा मॉडेल नंबर लिहून घ्या. ‘कार ऑडिओ सेट, १ नग’ एवढंच लिहिलेलं बिल विम्याला आणि वॉरंटीला दोन्हीकडे कुचकामी ठरतं.